स्विमिंग पूलच्या तळावरचे डाग: क्लोरीन, व्हिटॅमिन सी की अ‍ॅसिड वॉश?

पूलच्या तळाला डाग दिसले की सल्ले तीन मिळतात. दुकानदार म्हणतो, क्लोरीनचा जोरदार डोस द्या. साफसफाईवाला म्हणतो, पाणी उपसा, अ‍ॅसिड मारून एका दिवसात नवा करून देतो. तिसरा कुणीतरी सांगतो, व्हिटॅमिन सी टाका. तिन्ही उपाय खरे आहेत, पण वेगवेगळ्या डागांवरचे. चुकीचा निवडला तर पैसे जातात आणि डागही पक्का होतो.

रंगावरून अर्धा अंदाज येतो. निळसर-हिरवा डाग बहुतेक तांब्याचा. शेवाळ मारायला आपल्याकडे सर्रास मोरचूद, म्हणजे तांब्याचंच संयुग, टाकतात, तोच इथे उलटतो. पांढरा, हाताला खरखरीत लागणारा थर म्हणजे क्षार. हिरवट आणि पायाला बुळबुळीत लागतं ते शेवाळ. खरा घोटाळा तपकिरी रंगात होतो. बदामाचं किंवा आंब्याचं पान तळाशी पडून कुजलं की तपकिरी छाप उमटतो, आणि बोअरच्या पाण्यातलं लोहही तळावर तपकिरीच बसतं. कोकणात जांभ्या दगडाची कड आणि तांबडी माती पुलाला लागून असते, तिथे तर नुसतं बघून सांगणं कठीण.

म्हणून दोन परीक्षा करा. केमिस्टकडच्या व्हिटॅमिन सीच्या दोन-तीन गोळ्या कुटून जुन्या मोज्यात बांधा आणि डागावर मिनिटभर दाबून धरा. डाग फिका पडला तर ते लोह. नाही पडला तर दुसऱ्या, कोरड्या मोज्यात थोडी ब्लीचिंग पावडर घेऊन तसंच करा. आता फिका पडला तर डाग पानांचा किंवा शेवाळाचा. दोन्ही पदार्थ एका मोज्यात, एका भांड्यात कधीही एकत्र करू नका, पेट घेऊ शकतात. व्हायनल किंवा फायबरच्या पुलावर पावडरची परीक्षा नको, तिथे तळाचाच रंग उडतो.

पानांच्या आणि शेवाळाच्या डागावर क्लोरीनसारखा स्वस्त उपाय नाही. संध्याकाळी डोस द्यायचा, रात्रभर पंप चालवायचा, सकाळी ब्रश मारायचा. हाच डोस लोहाच्या डागावर दिला की काम बिघडतं. पाण्यात विरघळलेलं लोह क्लोरीनमुळे गंजाच्या रूपात बाहेर पडतं आणि तळावर आणखी थर चढतो. बोअरच्या पाण्यात क्लोरीन टाकल्यावर पाणी चहासारखं दिसतं, ते यामुळेच.

लोहासाठी अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड, म्हणजे व्हिटॅमिन सीचीच भुकटी घ्यावी. महाग आहे, पण माझं मत ठामपणे याच्या बाजूने आहे, कारण पूल रिकामा करावा लागत नाही. ८ बाय ४ मीटरच्या, सरासरी १.४ मीटर खोल पुलात साधारण ४५,००० लिटर पाणी असतं. त्याला अर्धा किलोच्या आसपास पुरते. आधी क्लोरीन जवळजवळ शून्यावर येऊ द्या, नाहीतर भुकटी क्लोरीनशीच लढण्यात संपते. मग ती डागांवर पसरून पंप चालू ठेवा. पुष्कळदा काही तासांतच तळ उजळतो.

इथेच बहुतेक लोक फसतात. तळावरून सुटलेलं लोह पुलातून बाहेर गेलेलं नसतं, ते पाण्यात असतं. त्याच दिवशी धातू बांधून ठेवणारं रसायन, सिक्वेस्ट्रंट, टाका. पीएच ७.२ च्या जवळ ठेवा आणि क्लोरीन थोडंथोडं करत काही दिवसांत वाढवा. घाईने वाढवलंत तर तोच डाग परत बसतो. सिक्वेस्ट्रंट हळूहळू निकामी होतं, म्हणून ते अधूनमधून पुन्हा घालावं लागतं.

अ‍ॅसिड वॉशचा परिणाम डोळ्यांना सगळ्यात लवकर दिसतो, आणि म्हणूनच तो विकायलाही सोपा. पण हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड डागाबरोबर सिमेंटचा पातळ थरही खातं. टाइल्सच्या सांध्यांतलं ग्राउट झिजतं, प्लास्टर खडबडीत होतं आणि त्या खडबडीत तळावर शेवाळ आणखी घट्ट धरतं. तळाशी ब्लीचिंग पावडर उरली असेल तर अ‍ॅसिड पडताच विषारी क्लोरीन वायू सुटतो. पावसाळ्यात पूल उपसणं तर टाळाच. जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं आणि त्याच्या दाबाने रिकामा पूल उचलला जाऊन तडकू शकतो. क्षार जाड चढला असेल किंवा दोन्ही परीक्षांना डाग हललाच नसेल, तरच या वाटेला जा, तेही उन्हाळ्यात आणि जाणत्या माणसाच्या हातून.

एकच गोल तपकिरी ठिपका पुन्हापुन्हा त्याच जागी उमटत असेल, तर तिन्ही उपाय विसरा. प्लास्टरखालची सळई गंजते आहे. तेवढा भाग फोडून दुरुस्त करावा लागेल.

पुढच्या वेळी बोअरचं पाणी भरण्याआधी एक बादली भरून घ्या, त्यात चिमूटभर ब्लीचिंग पावडर टाका आणि रात्रभर ठेवा. सकाळी तांबूस गाळ बसलेला दिसला तर ते पाणी लोह काढणाऱ्या फिल्टरमधूनच पुलात सोडा.