लॉनच्या लाद्या किती मागवायच्या? पावलं, नकाशा, टेप की सुतळी

तयार गवताच्या लाद्या मागवताना आकडा चुकला की दोन्हीकडून फटका बसतो. जास्त आल्या तर उरलेल्या साठवता येत नाहीत. कापलेलं गवत शक्यतो 24 तासांत जमिनीवर लागायला हवं, नाहीतर गुंडाळी आतून तापते आणि गवत पिवळं पडायला लागतं. कमी पडल्या तर दुसरी खेप वेगळ्या तुकड्यातली येऊ शकते आणि रंगातला फरक बरेच दिवस डोळ्यांना खुपतो. म्हणून मोजमापात तासभर गेला तरी तो सत्कारणी लागला असं मी मानते.

पावलं टाकून मोजणं सगळ्यात सोपं. पण पावलाचा अंदाज 10 टक्क्यांनी जास्त धरला गेला, तर लांबी आणि रुंदी दोन्ही वाढतात आणि क्षेत्रफळ 21 टक्के फुगतं. लाद्या लावाव्यात की बी पेरावं एवढं ठरवण्यापुरतंच हे मोजमाप ठीक. त्यावरून मागणी नोंदवू नका.

फोनवरच्या उपग्रह नकाशात कडेकडेने बोट फिरवलं की क्षेत्रफळ लगेच समोर येतं. मोठ्या, मोकळ्या, सपाट जागेसाठी ही सोय उत्तम. झाडांच्या सावलीत कडा दिसत नाही तिथे मात्र नुसता अंदाजच उरतो. उताराची गोष्ट तर बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. नकाशा वरून दिसणारी सपाट जागा मोजतो आणि गवत उतारावर अंथरायचं असतं. दर 3 फूट आडव्या अंतराला 1 फूट चढ असेल, तर प्रत्यक्ष पृष्ठभाग सुमारे 5 टक्के जास्त भरतो. टेप जमिनीलगत धरला की हा फरक आपोआप मोजला जातो.

टेपने मोजायचं म्हणजे जागेचे सरळ आकार पाडायचे. आयताची लांबी गुणिले रुंदी, त्रिकोणाचा पाया गुणिले उंची आणि त्याचं निम्मं, वर्तुळाची त्रिज्या गुणिले त्रिज्या गुणिले 3.14. कडा सरळ असतील तर याच्याइतकी भरवशाची पद्धत नाही. अडचण येते ती नागमोडी लॉनची. तिथे लोक सगळ्यात लांब आणि सगळ्यात रुंद माप घेऊन गुणाकार करून मोकळे होतात.

अशा जागेला माझा कौल सुतळीला. लॉनच्या लांबीभर मधून सुतळी ताणायची, तिच्यावर दर 5 फुटांवर खूण करायची आणि प्रत्येक खुणेपाशी सुतळीला काटकोनात, या कडेपासून त्या कडेपर्यंत रुंदी मोजायची. समजा लांबी 40 फूट आहे, दोन्ही टोकं निमुळती होऊन शून्यावर येतात आणि मधल्या रुंद्या 12, 18, 20, 17, 15, 19, 14 फूट आहेत. बेरीज 115, गुणिले 5, म्हणजे 575 चौरस फूट. टोकं शून्यावर येत नसतील तर त्या दोन रुंद्या निम्म्या धरून बेरजेत घ्या. याच जागेला 40 गुणिले 20 केलं असतं तर 800 आले असते, म्हणजे 225 चौरस फूट गवत फुकट. आणि आळस करून दर 10 फुटांवरच मापं घेतली असती तर उत्तर 540 येऊन गवत कमी पडलं असतं. वळणं जितकी जवळजवळ, तितक्या खुणाही जवळ हव्यात.

यातून फुलांचे वाफे, पायवाट, झाडाचं आळं वजा करा. 3 फूट त्रिज्येचं आळं 28 चौरस फूट खातं. हातभर रुंदीचं आळं मात्र मी वजा करत नाही, कारण त्याच्याभोवती गवत गोल कापताना तेवढं वायाच जातं.

काटछाटीसाठी वर किती धरायचं, हे मोजणीइतकंच महत्त्वाचं आहे. सरळ कडांच्या लॉनला 5 टक्के पुरतात, वळणांच्या लॉनला 10. वरच्या 575 मध्ये 10 टक्के मिळवले की साधारण 633 होतात.

आता हा आकडा नगांत बदलायचा. 2 फूट बाय 5 फुटांचे रोल असतील तर 64 लागतील. 16 बाय 24 इंचांच्या लाद्या असतील तर 238. मोठ्या रोलला सांधे कमी, म्हणून मोकळ्या पट्ट्यात काम भराभर होतं. अरुंद, वळणावळणाच्या जागेत छोट्या लाद्या हाताळायला सोप्या पडतात. विकणाऱ्याकडून नगाचं नेमकं माप आधी विचारून घ्या, कारण ते सगळीकडे एकच नसतं. तो चौरस मीटरमध्ये बोलत असेल तर 1 चौरस मीटर म्हणजे 10.76 चौरस फूट. आपल्या चौरस फुटांना 10.76 ऐवजी 3.28 ने भागलं, तर गरजेच्या तिपटीहून जास्त गवत दारात येऊन पडेल.