जुनी साइडविंडर, पाच महिने आणि एक चुकलेली टिक

पाच महिने झाले, आता लिहायला हरकत नाही. साइडविंडर फोर्स फीडबॅक २ म्हणजे मायक्रोसॉफ्टची जुनी जॉयस्टिक, कॉम्प्युटरवर विमान उडवताना आतल्या मोटरने हाताला जोर जाणवून देणारी (तेच फोर्स फीडबॅक). नव्या फोर्स फीडबॅक स्टिकच्या किमती बघून घाम फुटला म्हणून न्यू जर्सीच्या मावसभावाच्या तळघरात धूळ खात पडलेली फुकटात आणली. फुकट कसली डोंबलाची! पॉवर सप्लाय आतच, अमेरिकन पीस ११०-१२० व्होल्टचा, आपल्याकडे २३०, थेट लावली असती तर धूरच. पुण्याच्या तपकीर गल्लीतून व्होल्टेज कमी करणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर आणला, ९०० रुपये, दुकानदार ५० रुपयेसुद्धा सोडेना.

मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटर २०२० मध्ये फोर्स फीडबॅक मुळात नाहीच, वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागतं, मी कुठला घेतोय. म्हणून डीसीएस हा लढाऊ विमानांचा सिम्युलेटर टाकला, त्यातलं टीएफ-५१ हे जुनं पंख्याचं विमान फुकट आहे. ऑप्शन्समध्ये फोर्स फीडबॅकला टिक केली, कंट्रोल्समध्ये जाऊन एफएफ ट्यून (फोर्स फीडबॅकच्या सेटिंग्ज) उघडलं आणि हावरटासारख्या सगळ्या पट्ट्या १०० वर. शेक म्हणजे थरथरीच्या पट्टीमुळे टेबल असं थरथरायचं की खालच्या काकू वर आल्या, "रात्री दहाला मिक्सर लावता का रे?"

त्यात नाक वर घ्यायला ट्रिम (दांडा सतत दाबून धरावा लागू नये म्हणून फिरवायचं चाक) फिरवलं की स्टिक मागे यायची सोडून बाजूला सरकायची. मोटर गेली असं धरून दोन आठवडे मावसभावाच्या नावाने खडे फोडले, स्क्रूड्रायव्हर पण काढला होता. शेवटी निघालं काय, तर त्याच एफएफ ट्यूनमध्ये स्वॅप अ‍ॅक्सेसची (पुढे-मागे आणि डावी-उजवी दिशा अदलाबदल करायची) एक टिक. ती केली आणि सगळं सुतासारखं सरळ.

तेव्हापासून माझं मत पूर्ण फिरलंय, आणि ते फक्त ट्रिममुळे. स्प्रिंगच्या स्टिकला मधली जागा एकच, ट्रिम करत करत दांडा मध्ये आणत बसायचं. इथे ती मधली जागाच सरकते! स्टिक हवी तिथे धरा, ट्रिम फिरवा, हातावरचा जोर हळूहळू विरघळतो आणि दांडा तिथेच थांबतो. वेग वाढला की घट्ट, लँडिंगला येताना ढिला, हेही मस्तच, पण ट्रिम ते ट्रिम. आता हात सोडून बघावं तर दांड्यात हात ओळखणारा सेन्सर, हात काढला की मोटर बंद आणि स्टिक मान टाकते. त्यावर काळी चिकटपट्टी लावली, विषय संपला.

सध्या शेक २५, ट्रिमच्या दोन्ही पट्ट्या १००, कर्व्ह (दांडा किती हलवला की किती परिणाम, ते बदलणारी सेटिंग) आणि डेडझोन (मधली हालचाल न मोजणारी जागा) शून्य. कर्व्ह ठेवूच नका, मधली जागा सरकली की तो भलतीकडेच लागतो. एफ-१६ हे लढाऊ जेट उडवणाऱ्यांनी या भानगडीत पडू नये, खऱ्या विमानातही ती स्टिक जेमतेम हलते. ट्रिमच्याच नादात सेलमध्ये एमआय-८ हेलिकॉप्टर घेतलं, म्हणजे फुकटची स्टिक अजून खर्च काढतेच आहे, आणि तो ९०० चा ट्रान्सफॉर्मर रात्रभर डासासारखा गुणगुणतो ते वेगळंच.