यशिका इलेक्ट्रो 35 जीएसएन: फोंड्यात एक पावसाळा काढल्यावर

काकांनी कुवेतहून आणलेला हा कॅमेरा गेल्या एप्रिलमध्ये कपाटातून बाहेर काढला. आता दहा महिने आणि सहा रोल झालेत.

सोबतची चामड्याची केस देखणी आहे, पण कॅमेऱ्याची खरी वैरीण तीच. चामडं ओल धरतं, आणि आमच्याकडे जून ते सप्टेंबर भिंतींनाही बुरा येतो. लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी होती. ती काढली, पण काचेच्या कोटिंगवर तिचे डाग राहिलेत. उन्हाकडे तोंड करून काढलेले फोटो त्यामुळे धुरकट येतात. चालतंय.

मागचं झाकण उघडलं, तर प्रकाश अडवणाऱ्या फोमचं डांबर झालेलं. टूथपिक, कापूस आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन दोन संध्याकाळी खरवडत बसलो. फोमऐवजी खाचेत विणायची काळी लोकर चिकटवली. एकच पदर घातला, म्हणून पहिल्या रोलवर कडेने नारिंगी पट्टा आला. दुहेरी घातल्यावर पट्टा गेला. तिहेरी करून पाहिली, तर झाकणच लागेना.

याची मूळची 5.6 व्होल्टची पाऱ्याची बॅटरी आता बनत नाही. 6 व्होल्टची 4एलआर44 चालते, पण ती बारीक आणि आखूड. पुठ्ठ्याच्या नळीत घालून टॉर्चमधली स्प्रिंग मागे लावली. बॅटरी नसली तरी शटर 1/500 सेकंदाच्या वेगाने पडतं, त्यामुळे भर उन्हात अडत नाही.

आता मुख्य दुखणं. रोल पुढे ओढताना आतून ‘टक’ असा आवाज यायला हवा. माझ्या कॅमेऱ्यात तो येत नव्हता. आत रबराची एक बारीक गादी असते. ती कुजली की शटरची वेळ बिघडते, आणि या मॉडेलला हा रोग ठरलेलाच. मुंबईच्या एका दुरुस्तीवाल्याने दोन महिने ठेवून ‘सर्व्हिसिंग केलं’ म्हणून परत पाठवला. आवाज नाहीच! शेवटी पुण्यात गादी बदलून झाली. तुम्ही जुना कॅमेरा घ्यायला जाल, तेव्हा आधी रोल पुढे सरकवायची लिव्हर ओढून कान लावा, लेन्स नंतर बघा.

चतुर्थीला माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या फळापानांच्या आराशीचा, फोटो काढताना कॅमेऱ्याचा पिवळा दिवा लागला, म्हणजे शटरचा वेग 1/30 सेकंदाहून मंद. खांबाला टेकून श्वास रोखला. सुपाऱ्यांचे घोस स्पष्ट आले, खालचा पुतण्या मात्र हलला.

हल्ली कॅमेरा हवाबंद डब्यात असतो, सिलिका जेलसोबत. नारिंगी दाणे हिरवे झाले की कढईत मंद आचेवर परततो. जुलैत हे दर आठवड्याला करावं लागलं. आई म्हणाली, “तांदळात ठेव की.” नको, पीठ आत जातं. आता तिने ती कढई मला कायमची देऊन टाकली आहे.