कर्णबधिर मुलांसाठी सुट्टीचं शिबिर: मैदानावरचं रोजचं की निवासी?

नेरूळ-वाशीच्या मैदानावर ऐकू येणाऱ्या मुलांबरोबर रोज सकाळी जायचं आणि मदतीला खुणांच्या भाषेचा दुभाषी, हा एक प्रकार. येऊर किंवा कर्जतच्या बाजूला फक्त कर्णबधिर मुलांचं निवासी शिबिर, हा दुसरा. खर्च आणि प्रवासाचं गणित ज्याचं त्याने करावं. आम्ही निवासी निवडलं, ते एका अडचणीमुळे.

मैदानावर प्रशिक्षक बोलता बोलता करून दाखवतात. मूल दुभाष्याकडे बघत असतं तेवढ्यात चेंडू प्रशिक्षकाच्या हातातून सुटलेला असतो. हाताकडे बघावं तर सूचना निसटते. यावर उपाय आहे: आधी सांगायचं, दुभाष्याचे हात थांबेपर्यंत गप्प राहायचं, मगच दाखवायचं. दुभाषी प्रशिक्षकाच्या खांद्याशी उभा असावा आणि ऊन दोघांच्या पाठीमागून येऊ नये. प्रशिक्षक हे मान्य करतात, पाळतातही, पण आमच्या अनुभवात पहिल्या दिवसापुरतंच. खेळात हे एक वेळ खपतं. नेतृत्वाच्या सत्रात मात्र ‘पुढे कोण येणार?’ हा प्रश्न खुणांमधून पोहोचेपर्यंत बाकीच्यांचे हात वर गेलेले असतात. आपलं मूल हुशार असूनही दर वेळी दुसरं ठरतं, आणि हे मनाला लागतं.

निवासी शिबिरात प्रशिक्षक स्वतः कर्णबधिर असेल तर हा प्रश्नच उरत नाही. सगळे गोलात बसतात, बोलावायला हात हलवतात, शिट्टीच्या जोडीला झेंडा असतो. डेफलिम्पिक्सचा, म्हणजे कर्णबधिरांच्या जागतिक क्रीडास्पर्धांचा, विचार असेल तर आणखी एक फायदा. तिथे चांगल्या कानाची श्रवणहानी किमान ५५ डेसिबल लागते आणि स्पर्धेत श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांटचा (शस्त्रक्रियेने कानात बसवलेल्या यंत्राचा) बाहेरचा भाग काढून खेळावं लागतं. ती सवय इथे सहज होते.

उणिवा मात्र आहेत, आणि त्या रात्रीच्या आहेत. शेकोटीभोवती बोलणाऱ्याच्या पाठीशी जाळ असला की त्याचा चेहरा आणि हात काळे दिसतात, म्हणून उजेड समोरून हवा. आतल्या कानाचा तोलाशी संबंध असल्यामुळे काही मुलं अंधारात अडखळतात. रात्रीच्या पदभ्रमणाआधी हे डॉक्टरांना विचाराच. रात्री काही घडलं तर मुलांना उठवणार कसं, हे आयोजकांना स्पष्ट विचारा. उशीखाली कंप पावणारा गजर आणि खोलीत उघडझाप करणारा दिवा, दोन्ही हवेत. मे महिन्यातल्या घामात श्रवणयंत्रं बिघडतात, तेव्हा ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची घट्ट झाकणाची डबी बरोबर द्या. श्रवणयंत्रातल्या झिंक-एअर बॅटरीचा चिकटपट्टा एकदा काढला की ती न वापरताही उतरत जाते, म्हणून सुट्या बॅटऱ्या पट्ट्यासकटच ठेवा.

ज्याला खुणांची भाषा अजून येत नाही, त्याला निवासी शिबिराचे पहिले दिवस एकटे जाऊ शकतात. अशा मुलासाठी मैदानावरचं शिबिर कदाचित बरं, पण दुभाषी दोन असल्याची खात्री करा. वीस-तीस मिनिटांनी त्यांनी आळीपाळीने काम घ्यायला हवं. एकच असला की तो थकतो, वाक्यं गाळू लागतो, आणि काय गळलं ते मुलाला कळतही नाही.