वांद्र्यातील खेळाडू-प्रशिक्षकांचे ख्रिस्ती रिट्रीट: एक अभिप्राय

माऊंट मेरीच्या परिसरातील एका सभागृहात खेळाडू आणि प्रशिक्षकांसाठी भरणाऱ्या एकदिवसीय रिट्रीटला, म्हणजे प्रार्थना-चिंतनाच्या शिबिराला, जावे की नाही, असा प्रश्न ज्यांना पडला असेल त्यांच्यासाठी हा अभिप्राय आहे. मी उपनगरातील एका शाळेच्या हॉकी संघाला शिकवतो. अशा कार्यक्रमांत प्रार्थना म्हणजे जणू पदकाची हमी, असा सूर पुष्कळदा लागतो. येथे तो एकदाही लागला नाही आणि माझ्या मते हीच या उपक्रमाची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे.

सकाळचे सत्र बायबलमधील प्रेषित पौलाच्या पत्रांवर होते. प्राचीन ग्रीसमधील करिंथ शहराजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन क्रीडास्पर्धा भरत आणि तेथील विजेत्याला पानांचा, म्हणजे काही दिवसांत सुकून जाणारा मुकुट मिळे. त्यामुळे करिंथकरांना पत्र लिहिताना पौलाने धावपटूचा आणि मुष्टियोद्ध्याचा दाखला का निवडला, हे वक्त्यांनी छान उलगडून सांगितले. फिलिप्पैकरांना लिहिताना मागचे विसरून केवळ एका लक्ष्याकडे धावण्याविषयी तो जे म्हणतो, त्याचा रोख पदकाकडे नसून ख्रिस्ताकडे आहे, आणि ते ध्यान पक्के असेल तर हरल्यावर खेळाडू मोडून पडत नाही, असा त्यांच्या मांडणीचा गाभा होता.

मला अधिक भावला तो त्यानंतरचा, केवळ प्रशिक्षकांसाठीचा भाग. प्रत्येकाला एक कोरे कार्ड देऊन, मागच्या पराभवानंतर आपण संघाशी बोललेले शेवटचे वाक्य त्यावर जसेच्या तसे लिहायला सांगितले. शेजारी बसलेल्या फुटबॉलच्या एका ज्येष्ठ प्रशिक्षकांनी वाक्य लिहिले, खोडले, पुन्हा तेच लिहिले आणि कार्ड उलटे करून ठेवले. कोणालाही ते वाचून दाखवायला लावले नाही, हे आयोजकांचे तारतम्य.

दुपारी एरिक लिडेल या स्कॉटिश ख्रिस्ती धावपटूचे उदाहरण आले. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 100 मीटरची प्राथमिक फेरी रविवारी, म्हणजे उपासनेच्या दिवशी, असल्याने त्याने ती शर्यत सोडली आणि नंतर 400 मीटरमध्ये 47.6 सेकंदांत सुवर्णपदक जिंकले, ही कथा आपल्याकडे परिचित आहे. वेळापत्रक त्याला काही महिने आधीच कळले होते आणि त्यामुळे वेगळ्या अंतराची तयारी करण्यास त्याला अवधी मिळाला, हा प्रशिक्षकांना खरोखर उपयोगी असलेला तपशीलही सांगितला गेला. पुढे तो मिशनरी म्हणून चीनला गेला आणि 1945 मध्ये जपानी नजरकैदेच्या छावणीतच वारला.

मात्र नेमके येथेच हे रिट्रीट कमी पडते. मुंबईत मुलांचे कितीतरी सामने रविवारी सकाळी, उपासनेच्याच वेळेला ठेवलेले असतात; मग लिडेलची गोष्ट ऐकून घरी गेलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीने काय करायचे? कॅथलिक मुलांना शनिवारी संध्याकाळच्या मिस्साची, म्हणजे त्यांच्या सामूहिक उपासनेची, सोय असते, पण अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत रविवार सकाळखेरीज दुसरी उपासनाच नसते. एका पालकांनी हे विचारले तेव्हा ‘प्रार्थना करून ठरवा’ एवढेच उत्तर मिळाले. सामन्याची वेळ बदलून मागण्यासाठी संघटनेला पत्र कधी आणि कसे द्यावे, एखाद्या खेळाडूने सामना सोडल्यास प्रशिक्षकाने पुढच्या निवडीत त्याच्याशी कसे वागावे, यावर अर्धा तास दिला असता तरी पुष्कळ झाले असते.

बाकी व्यवस्था ठीक आहे. जेवण साधे पण भरपूर, ध्वनिक्षेपक घुमणारा. मराठीतील गटचर्चा हवी असल्यास नोंदणीच्या वेळीच तसे कळवावे, कारण आयत्या वेळी सर्वांना इंग्रजी गटात बसवले जाते. चौदा वर्षांखालील मुलांना दिवसभर बसणे जड जाईल. प्रशिक्षकांनी मात्र अवश्य जावे आणि रविवारचा प्रश्न तेथे पुन्हा विचारावा.