ओपन सोर्स प्रकल्पात इंटर्न घ्यावा का? गूगल समर ऑफ कोड, जवळचं कॉलेज आणि तिसरा मार्ग

ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असा प्रकल्प चालवणारे दोघं-तिघं, त्यांच्या नोकऱ्या नवी मुंबईत ऐरोली-महापेला किंवा ठाण्यात वागळे इस्टेटला, आणि प्रकल्पाच्या वाट्याला येणारा वेळ शनिवार-रविवारचा. अशांनी विद्यार्थी इंटर्न घ्यावा का? पर्याय तीन आहेत: गूगल समर ऑफ कोड (नवख्यांना ओपन सोर्स प्रकल्पांत मार्गदर्शकाच्या हाताखाली काम देणारा गूगलचा कार्यक्रम), जवळच्या इंजिनीअरिंग कॉलेजमधून थेट घेतलेला इंटर्न, किंवा इंटर्न न घेता नवख्यांना हाताळता येतील अशी कामं खुली ठेवणं. आमच्या मते निवड पैशावर किंवा विद्यार्थ्याच्या हुशारीवर फारशी अवलंबून नसते. रिव्ह्यू, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेल्या कोडची तपासणी, कोण करणार, हे आधी विचारा.

आधी तासांचा हिशोब

एका इंटर्नमागे मेंटॉरचे, म्हणजे त्याला शिकवणाऱ्या आणि त्याचं काम बघणाऱ्या माणसाचे, पहिले तीन आठवडे आठ-आठ तास आणि पुढचे नऊ आठवडे पाच-पाच तास धरा. बारा आठवड्यांचे ६९ तास झाले. निवडीचे २०-३० तास मिळवले की आकडा शंभराच्या घरात जातो. गूगलच्या मधल्या आकाराच्या प्रकल्पात विद्यार्थी १७५ तास काम करतो, आणि तेच काम प्रकल्पातला जुना माणूस बहुतेक वेळा शंभराच्या आतच उरकतो. त्यामुळे फुकटात कोड मिळेल म्हणून इंटर्न घेणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. फायदा होतो तो दुसऱ्या बाजूने: सेटअपच्या (प्रकल्प आपल्या मशीनवर चालू करायच्या) सूचना सुधारतात, टेस्ट (कोड नीट चालतो का ते तपासणारे छोटे प्रोग्रॅम) लिहिल्या जातात, आणि नशीब असेल तर वर्षभराने रिव्ह्यू करणारा आणखी एक माणूस तयार होतो.

मेंटॉर दोन हवेत. ऑफिसात रिलीज आला किंवा गणपतीला एक जण कोकणात गेला की आठवडाभर विद्यार्थ्याच्या पुल रिक्वेस्टकडे (बदल प्रकल्पात घ्या, या विनंतीकडे) कुणी बघत नाही. आठवडाभर उत्तर न मिळालेला विद्यार्थी परत जोमाने कामाला लागलाय, असं क्वचितच घडतं. दुसरा मेंटॉर मिळत नसेल तर पहिले दोन्ही पर्याय सोडा आणि थेट तिसऱ्याकडे जा.

गूगल समर ऑफ कोड

२००५ पासून चालू असलेला हा कार्यक्रम २०२२ पासून फक्त विद्यार्थ्यांसाठी राहिलेला नाही. ओपन सोर्समध्ये नवीन असलेली १८ वर्षांवरची व्यक्ती अर्ज करू शकते. कामाचे आकार तीन: ९०, १७५ आणि ३५० तास. मानधन गूगल सहभागी व्यक्तीला थेट देतं आणि रक्कम देशानुसार बदलते, त्यामुळे तुमच्या खिशाला चाट नाही.

बदल्यात शिस्त लागते. संस्था म्हणून अर्ज जानेवारी-फेब्रुवारीत करायचा, म्हणजे कामाच्या कल्पनांची यादी डिसेंबरातच तयार हवी. प्रत्येक कल्पनेपुढे अपेक्षित परिणाम, लागणारी कौशल्यं, तास आणि मेंटॉर लिहायचे. प्रकल्पाचा कोड मान्यताप्राप्त ओपन सोर्स परवान्याखाली आधीच प्रसिद्ध झालेला लागतो. "लवकरच टाकतोय" चालत नाही. निवड झाली तरी नव्या संस्थेच्या वाट्याला बहुधा एक-दोनच जागा येतात.

आपल्याकडची अडचण तारखांची. मे महिन्यात गूगलच्या वेळापत्रकात ओळखपाळखीचा काळ असतो आणि त्याच वेळी इथल्या मुलांच्या सेमिस्टरच्या परीक्षा. जुलैत कॉलेज पुन्हा सुरू, ७५ टक्के हजेरीची टांगती तलवार, शिवाय सबमिशन. म्हणून इथल्या विद्यार्थ्याला ३५० तासांचा प्रकल्प देताना कालावधी वाढवून घ्या. नेहमीचा काळ बारा आठवड्यांचा असला तरी तो २२ आठवड्यांपर्यंत ताणता येतो.

प्रस्तावांचा पूरही येतो. आता बरेचसे एआयकडून लिहून घेतलेले, दिसायला गुळगुळीत आणि आतून पोकळ. प्रस्ताव वाचण्याआधी उमेदवाराची एक छोटी, मर्ज झालेली (प्रकल्पाच्या कोडमध्ये स्वीकारलेली) दुरुस्ती मागा. मग पंधरा मिनिटांच्या कॉलवर तीच दुरुस्ती उघडून विचारा, "ही ओळ काढली तर काय होईल?" बहुतेक निवड तिथेच होते.

जवळच्या कॉलेजमधून थेट

घोडबंदर रोड, कोपरखैरणे, वाशी, नेरुळ, बेलापूर, नवीन पनवेल एवढ्या पट्ट्यातच इंजिनीअरिंगची कॉलेजं भरपूर आहेत. बहुतेक ठिकाणी ट्रान्स-हार्बर लोकलच्या एका गाडीत जाऊन भेटता येतं, आणि हा फायदा कागदावर वाटतो त्याहून मोठा आहे. पहिल्या महिन्यात दर शनिवारी दोन तास शेजारी बसून घेतलेलं काम चॅटवरच्या आठवड्याचं काम वाचवतं. बसायला कंपनीचं ऑफिस किंवा कंपनीचा लॅपटॉप मात्र वापरू नका. नोकरीच्या करारात कोडच्या मालकीचं कलम काय आहे ते आधी बघा.

तिसऱ्या वर्षाची मुलं घ्या, परीक्षा संपल्यापासून कॉलेज उघडेपर्यंतच्या चार ते सहा आठवड्यांसाठी. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी जुलै-ऑगस्टपासून प्लेसमेंटच्या मागे लागतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

कागदपत्रांत मात्र दम निघतो. कॉलेजच्या टीपीओला (ट्रेनिंग अँड प्लेसमेंट ऑफिसरला) लेटरहेडवरचं ऑफर लेटर, साप्ताहिक नोंदवही, शेवटी मूल्यमापन आणि शिक्क्याचं प्रमाणपत्र लागतं. एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या) चौकटीत एक क्रेडिट म्हणजे साधारण ४० ते ४५ तास, त्यामुळे पत्रात आठवड्यांसोबत तासही लिहा. तुमच्या प्रकल्पामागे नोंदणीकृत ट्रस्ट किंवा कंपनी नसेल तर शिक्का आणणार कुठून? हा प्रश्न एप्रिलमध्येच टीपीओला विचारा. जूनमध्ये उत्तर "चालणार नाही" आलं तर विद्यार्थ्याचे क्रेडिट जातात आणि शिव्या तुम्हाला बसतात.

पैसे इथे तुम्हालाच द्यावे लागतात. बिनपैशाच्या इंटर्नशिपमध्ये मुलं शिकतात हे खरं, पण पैसे देणारी दुसरी जागा मिळाली की ती जातात. शिवाय फुकट काम घरची परिस्थिती बरी असलेल्यांनाच परवडतं, म्हणजे निवड आधीच अर्धी झालेली असते. मेंटॉरने स्वतःच्या खिशातून यूपीआयने दिलेले पैसे हा तोडगा वाटतो, पण त्यातून मालक-नोकर असं नातं तयार होतं आणि रिव्ह्यू अवघड होऊन बसतो. आमचा सल्ला: निधी नसेल तर या वर्षी हा पर्याय नको.

इंटर्न न घेता

"पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी" अशी खूण केलेली आठ-दहा कामं सतत ताजी ठेवायची आणि महिन्यातून एका शनिवारी ठाण्यात किंवा वाशीला चार तास एकत्र बसायचं. खर्च चहा-वडापावचा. वचन कुणी कुणाला दिलेलं नसतं, त्यामुळे कामाचा भरवसाही नाही. खूण केलेल्या कामांवर टी-शर्ट आणि रेझ्युमेसाठी येणारे कचरा बदलही सोसावे लागतात. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये (ऑक्टोबरात ओपन सोर्स प्रकल्पांना बदल पाठवणाऱ्यांना तेव्हा टी-शर्ट देणाऱ्या उपक्रमात) ते इतके वाढले की आयोजकांना ऐन ऑक्टोबरात नियम बदलून, प्रकल्पाने स्वतः होकार दिला तरच सहभाग धरायचं ठरवावं लागलं.

काम कसं नेमावं

मार्ग कोणताही घ्या, घात होतो तो बहुधा मोघम कामामुळे. "मराठी शोध सुधारा" हे काम नाही. हे काम आहे: 'दुसऱ्या' हा शब्द दोन प्रकारे साठवलेला सापडतो. काही ठिकाणी ऱ हे वेगळं अक्षर आणि हलन्त, तर काही ठिकाणी साधा र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर (अक्षरं जोडायचं चिन्ह). दिसायला दोन्ही सारखे, पण एक शोधला तर दुसरा मिळत नाही, आणि नेहमीचं युनिकोड नॉर्मलायझेशन (एकच अक्षर वेगवेगळं साठवलं असेल तर एका रूपात आणायची पद्धत) लावूनही दोन्ही एक होत नाहीत. शोधाआधी दोन्हींचं एकच रूप करायचं, अशा वीस शब्दांच्या टेस्ट लिहायच्या, मुदत दोन आठवडे. पुढचा टप्पा ॲ आणि अॅ यांचा, कारण तिथेही हीच गत.

त्याआधी एक चाचणी घ्या. आठ जीबी रॅमच्या विंडोज लॅपटॉपवर, प्रकल्प कधी न पाहिलेल्या माणसाला फक्त लिखित सूचनांवरून सेटअप करू द्या. डॉकर (प्रकल्पाला लागणारं सगळं एकत्र चालवणारं साधन), एडिटर आणि ब्राउझर एकत्र उघडले की अशी मशीन गुडघे टेकतात. दोन तासांत टेस्ट चालल्या नाहीत तर इंटर्नचे पहिले दोन आठवडे त्यातच जाणार.

आणखी एक सवय पहिल्याच दिवशी मोडावी लागते. मुलं मेंटॉरला "सर" म्हणतात, खासगी मेसेज करतात आणि अडलं तरी सांगत नाहीत. "सर, झालंच आहे, फक्त पुश करायचंय" (पुश म्हणजे आपला कोड सामायिक जागी चढवणं) हे वाक्य दुसऱ्यांदा आलं की समजा, काही झालेलं नाही. नियम लेखी द्या: पहिला बदल पहिल्या आठवड्यात, एका वेळी ३०० ओळींच्या आत, दोन दिवस अडलं तर सर्वांसमोरच्या चॅनेलवर प्रश्न.

मध्यावरच्या मूल्यमापनात नापास करायची तयारी ठेवा. गूगलकडे मध्यावर नापास झालेल्याचा सहभाग तिथेच संपतो. कॉलेजच्या इंटर्नबाबत तशी अट ऑफर लेटरमध्येच घाला: किती आठवड्यांनी तपासणी, काय दिसलं पाहिजे, आणि न दिसल्यास प्रमाणपत्रावर प्रत्यक्ष झालेले तासच लिहिले जातील.