लेकलँड 50 की फेल्समन?

सह्याद्रीत भटकून वाढलेला आणि आता इंग्लंडच्या उत्तरेला राहणारा माणूस दोन-तीन मॅरेथॉन झाल्या की डोंगराकडे वळतोच. गेल्या दोन वर्षांत अशा चार-पाच जणांनी मला एकच प्रश्न विचारलाय. घरी लहान मुलं आहेत, सुट्टी मोजकीच आहे, वर्षातून एकच मोठी शर्यत जमणार आहे, तर नाव लेक डिस्ट्रिक्टमधल्या लेकलँड 50 ला द्यावं की यॉर्कशर डेल्समधल्या फेल्समनला? मी दोन्ही शर्यती दोन-दोनदा केल्या आहेत. प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढतो.

आकड्यांत फारसं शिरत नाही. लेकलँड 50 मैलांची आहे आणि तिच्यात साधारण 3100 मीटर चढ आहे. फेल्समन साठेक मैलांची आणि 11 हजार फुटांच्या (साधारण 3350 मीटर) वर चढाची. दहा मैल सोडले तर कागदावर दोघी सारख्याच दिसतात. उंचीवरूनही अंदाज बांधू नका. फेल्समनच्या वाटेवरचा सगळ्यात उंच डोंगर व्हर्नसाइड, तो 736 मीटर. आपलं कळसूबाई 1646. गावाकडे हे सांगितलं की लोकांना ती टेकडीच वाटते. पण या डोंगरांना झाडाचा आडोसा नाही, वारा थांबत नाही, धुकं दहा मिनिटांत उतरतं आणि मे महिन्यातही बोटं बधिर होतात. दोन्ही शर्यतींत नकाशा आणि होकायंत्र सक्तीचं आहे आणि ते योग्यच आहे.

आधी लेकलँड, कारण बहुतेकांनी तिचंच नाव ऐकलेलं असतं.

ती जुलैअखेर असते. मुक्काम कॉनिस्टनच्या शाळेत. तिथे तुमच्या पिशवीतली एकेक वस्तू काढून तपासतात, मनगटाला चिप बांधतात आणि शनिवारी सकाळी बसने डेलमेनला नेऊन सोडतात. साडेअकराला शर्यत सुटते. घरच्यांना चेकपॉइंटच्या वेळा फोनवर दिसत राहतात. माझी बायको मुलांना घेऊन कॉनिस्टनच्या तळ्याकाठी बसली होती आणि मी अँबलसाइडला कधी पोचलो हे तिला ठाऊक होतं. ज्यांच्या घरच्यांना रात्रीच्या डोंगराची धास्ती वाटते त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे. प्रत्येक चेकपॉइंट निराळ्या मंडळींकडे असतो, ते वेषांतर करून उभे असतात, खायला भरपूर असतं. चॅपल स्टाइलला तर उघड्यावर सोफे मांडलेले असतात. त्यावर फार वेळ बसू नका एवढंच सांगेन, उठणं कठीण होतं.

या शर्यतीतली सगळ्यात सुंदर गोष्ट मात्र वेगळीच आहे. लांबच्या अंतराचे धावपटू, ज्यांची 105 मैलांची लेकलँड 100 असते, ते आदल्या संध्याकाळीच कॉनिस्टनहून निघालेले असतात आणि डेलमेनपासून पुढे त्यांची आणि आपली वाट एकच होते. फ्यूसडेलच्या लांबलचक चढावर रात्रभर चाललेला माणूस भेटतो, डोळे खोल गेलेले, काठ्यांवर भार टाकून पाऊल मोजत निघालेला. त्याला ओलांडणारा प्रत्येक जण टाळ्या वाजवतो, नाव घेऊन दोन शब्द बोलतो. पंढरीच्या वाटेवर थकल्या वारकऱ्याला लोक जसा मान देतात, तसंच काहीसं मला तिथे वाटलं.

पुढे हॉजवॉटरच्या काठाने मार्डेल हेडला पोचतो. मँचेस्टरला पाणी देण्यासाठी 1930 च्या दशकात इथे धरण झालं आणि मार्डेल नावाचं गाव पाण्याखाली गेलं. धरणाखाली गेलेलं गाव म्हणजे काय, हे आपल्या माणसांना वेगळं सांगायला नको. मी दोन्ही वेळा त्या पाण्याकडे बघत थोडा थांबलो.

आणि मग गेट्सकार्थची खिंड. माझं मन फिरलं ते इथेच.

खिंडीच्या पलीकडे लाँगस्लेडेलच्या दरीत उतरणारी जुनी गाडीवाट आहे. वर पाटीच्या दगडाची खाण होती, त्या रहदारीची ही वाट. उतारावर माल घसरू नये म्हणून दगड उभे रोवून ठेवलेले आहेत. मधली माती पावसाने कधीच वाहून गेलीय, त्यामुळे दगडांच्या कडा वर आल्यात. त्यावर नारळाएवढे सुटे गोटे. पाऊल कुठेही टाका, ते सपाट पडतच नाही. पहिल्या वर्षी खाली केंटमियरला पोचून मी बूट काढले तेव्हा दोन्ही तळवे तव्यावर ठेवल्यासारखे लाल झाले होते, आणि डाव्या अंगठ्याच्या नखाखाली रक्त साकळलं होतं. अजून वीसेक मैल बाकी होते. पुढे गार्बर्नच्या खिंडीत पुन्हा तसेच गोटे आणि शेवटी, अंधारात, टिल्बर्थवेटच्या खाणीतल्या दगडी पायऱ्या.

मला वाटलं, बुटांचं चुकलं. दुसऱ्या वर्षी जाड गादीचे बूट घेतले. तळव्यांची आग थोडी कमी झाली, पण पाय जमिनीपासून उंच गेल्यामुळे घोटा सारखा कलंडायला लागला, आणि उतार मी पहिल्यापेक्षा सावकाश उतरलो. कुणी म्हणेल, सह्याद्रीतल्या माणसाला दगडाचं काय? मीही तेच म्हणत होतो. पण नाणेघाटाची फरसबंदी उतरायला फार तर एक-दीड तास लागतो, मग खाली चहा असतो. इथे तोच दगड आठ-दहा तास पायाखाली राहतो. त्याचा खरा त्रास तळव्यांना होतच नाही. नजर दगडावरून उचलता येत नाही, हा तो त्रास. खिंडीच्या डोक्यावर हार्टर फेल उभा आहे, तो मी दोन वर्षांत एकदाही नीट पाहिला नाही. ज्या डोंगरांसाठी वर्षभर पहाटे उठून तयारी केली, ते सगळे माझ्या आजूबाजूने निघून गेले आणि मी पुढच्या तीन फुटांतले दगड मोजत राहिलो.

अंधार पडल्यावर पुढे-मागे दिव्यांची रांग दिसते. वाट सांगणारी पुस्तिका हातात असते, तिच्यात प्रत्येक वळण, प्रत्येक फाटक लिहिलेलं. ती उघडायची फारशी गरज पडत नाही, पुढच्या दिव्यामागे गेलं की झालं. पहिल्यांदा लांब पल्ल्याला उतरणाऱ्याला याचा आधार वाटतो आणि तो वाटायलाच हवा.

आता फेल्समन.

ही यॉर्कशर डेल्समधली, 1962 पासून चालत आलेली शर्यत, स्काउटच्या स्वयंसेवकांनी वाढवलेली. साधारण एप्रिलअखेर किंवा मेच्या सुरुवातीला असते. इंगलटनहून सुटते आणि थ्रेशफील्डला संपते. गळ्यात एक बिल्ला अडकवतात. प्रत्येक चेकपॉइंटवर रेल्वेतल्या टीसीसारखा चिमटा घेतलेला माणूस त्यावर भोक पाडतो. दिवस मावळला की ही माणसं डोंगरमाथ्यावर, फडफडणाऱ्या तंबूत, रात्रभर त्या चिमट्यासह बसून राहतात. ग्रेट व्हर्नसाइडच्या (हा व्हर्नसाइडहून वेगळा डोंगर) माथ्यावर पहाटे एका आजोबांनी माझी बोटं वळत नाहीत हे बघून माझ्या जॅकेटची चेन लावून दिली, मग बिल्ल्याला भोक पाडलं. खाण्याचंही असंच. तांदळाची गोड खीर वाडग्यात मिळते, आणि तीस मैलांनंतर ती खीर आईच्या हातची लागते. आम्हा शाकाहारी लोकांचे कुठेच हाल झाले नाहीत.

दगड इथेही आहेत, खोटं कशाला बोलू. इंगलबरो आणि व्हर्नसाइड हे थ्री पीक्सवाल्यांचे, म्हणजे इथली तीन शिखरं एका दिवसात करणाऱ्यांचे, राबते डोंगर, तिथे फरशा टाकलेल्या आहेत. डेंट गावात उतरताना फ्लिंटर गिलची वाट चांगलीच दगडाळ आहे. पण ती अर्ध्या तासात संपते. बाकी सगळं गवत, शेवाळ आणि पीट, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची पाणथळ काळी माती. किंग्जडेलमधून ग्रॅगरेथवर जाणारा चढ इतका उभा की पुढच्याच्या टाचा डोळ्यांसमोर येतात, पण पाय मऊ मातीत रुततो. वर गडग्याच्या, म्हणजे नुसते दगड रचून केलेल्या भिंतीच्या, कडेने ग्रेट कूमपर्यंतची धार आहे. कोकणातला माणूस असाल तर असे गडगे बघून घरची आठवण होईल. तिथे मी मान वर करून धावलो. पश्चिमेला समुद्राची रेघ चमकत होती, ती बघितली. पुढे ब्ली मूरवर सेटल-कार्लाइल रेल्वेच्या बोगद्यातून हवा यावी म्हणून खणलेल्या विहिरी आहेत. रिकाम्या माळावर विटांचे ते गोल बुरूज अचानक उभे दिसतात. एवढं सगळं मला आठवतं, कारण मी ते पाहू शकलो.

याची किंमत म्हणजे ओले पाय. पहिल्या तासात मोजे भिजतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सुकत नाहीत. भातलावणीच्या खाचरात पाय घातल्यावर चिखल जसा घोट्याला धरतो, तसं पीट धरतं. लोकरीचे मोजे, बोटांमध्ये भरपूर व्हॅसलीन आणि खोल दातांचे पातळ बूट एवढ्यावर माझं भागलं. फोड आले, पण नखं शाबूत राहिली.

फेल्समनबद्दल तक्रार ऐकाल ती गटाची. अंधार पडायच्या सुमारास तुम्ही ज्या चेकपॉइंटवर असाल, तिथे तुम्हाला किमान चौघांच्या गटात बांधतात, आणि रात्रभर एकत्रच जायचं. चौघांतला सगळ्यात सावकाश चालणारा जो वेग धरेल तोच सगळ्यांचा. वेळेच्या मागे असणाऱ्यांना हा नियम जाचतो, आणि ते मला समजतं. पहिल्या वर्षी चौथा माणूस येईपर्यंत मी जवळजवळ पाऊण तास थांबलो. थंडीने दात वाजत होते, आणि पुढच्या वेळी इथे यायचं नाही असं मी त्या वेळी ठरवूनही टाकलं होतं.

मग आम्ही चौघं फ्लीट मॉसवरून मिडल टंगकडे निघालो. तिथलं पीट पाण्याने कापून त्याच्या घळी झालेल्या आहेत, काही ठिकाणी माणसाच्या उंचीच्या. एका घळीत उतरायचं, काळ्या चिखलातून पलीकडे जायचं, चढायचं, की समोर दुसरी घळ. दिव्याच्या उजेडात सगळं एकाच रंगाचं. वाट नावाची गोष्टच नाही. एकाने होकायंत्र धरलं, दुसरा वीस पावलं पुढे जाऊन दिवा दाखवायचा, मग आम्ही त्याच्याकडे जायचो, पुन्हा वीस पावलं. मध्येच आमच्यातले साठीचे एक गृहस्थ मांडीपर्यंत रुतले. मी काठी पुढे केली, दुसऱ्याने काखेत हात घातला, आणि बूट पायातच राहील अशा बेताने त्यांना हळूहळू बाहेर काढलं. ते एवढंच म्हणाले की आता कुंपण उजव्या हाताला लागलं पाहिजे. पाच मिनिटांनी ते उजव्या हाताला लागलं. ते त्या भागातलेच होते, किती वर्षं येताय हे मी विचारलं नाही. एकटा असतो तर त्या रात्री मी कुठल्या घळीत बसलो असतो कोण जाणे. पाऊण तास गारठलो त्याचा राग क्रेच्या चेकपॉइंटपर्यंत पुरता उतरला होता.

म्हणून माझं मत. याआधी रात्री डोंगरात धावला नसाल, घरच्यांना सोबत आणायचं असेल, किंवा होकायंत्रावर अजून हात बसला नसेल, तर लेकलँडला जा. तिथे तुमची काळजी घेतली जाईल आणि अँबलसाइडच्या रस्त्यावर लोक तुमच्यासाठी ओरडतील, ते आयुष्यभर लक्षात राहील. फक्त नावनोंदणीची तारीख चुकवू नका, जागांना मागणी फार असते. दगडाचा त्रास सगळ्यांना सारखा होतो असंही नाही. माझ्याच ओळखीतला एक जण लाँगस्लेडेल नाचत उतरतो. माझे तळवे कदाचित जास्त नाजूक असतील.

पण राजमाची, हरिश्चंद्रगड, रतनगड रात्री-बेरात्री केलेले असतील, वाट चुकल्यावर घाबरण्याऐवजी नकाशा काढायची सवय असेल, तर मी तुम्हाला फेल्समनकडे ढकलेन. जास्तीचे दहा मैल तेवढे जाणवत नाहीत. मी स्वतः पुढच्या वर्षीही तिथेच नाव देणार आहे.

तुम्हीही देणार असाल तर एक करा. मार्चमधल्या एखाद्या शनिवारी फ्लीट मॉस ते क्रे हा पट्टा दिवसाउजेडी चालून या. घळी कुठे संपतात आणि कुंपण कुठे लागतं हे एकदा पायांना कळलं की रात्री निम्मं काम होतं. सोबत हवी असेल तर कळवा. लोकरीच्या मोज्यांचे दोन जादा जोड माझ्या गाडीत कायमच असतात.